ढाकवाल्यांचं ताट

२७ सप्टेंबर, पंचमी

ढाकवाले आले. निमाई रुईदास, त्याचा धाकटा भाऊ गौर, आणि त्यांचा मेहुणा. मुक्काम बेसमेंटच्या पार्किंगमध्ये, पंपरूमशेजारी. चटया, डास, तीन ढाक, म्हणजे गळ्यात अडकवायचे मोठे ढोल. यांच्याशिवाय आमच्या कोलकात्यातल्या, न्यू टाउनच्या सोसायटीतली दुर्गापूजा सुरूच होत नाही. पूजेच्या दिवसांत सगळी सोसायटी दुपारी हॉलमध्ये एका पंगतीला भोग जेवते. या तिघांना खाली, कागदी ताटल्यांत. कालच्या बैठकीत कळलं. कोणाला त्यात काही वाटलं नाही.

‘बंगालमध्ये जात नाही, मॅडम.’ बदली होऊन आल्यापासून ऐकतेय. सांगणारा आधी माझं ‘टायटल’, म्हणजे आडनाव, विचारून घेतो, मगच सांगतो. ‘रुईदास’ म्हणजे चांभार, हे इथे कोणाला विचारावं लागत नाही.

२८ सप्टें., षष्ठी

सेक्रेटरी बागचीबाबूंना गाठलं. ढाकवाले पंगतीत का नाहीत?

‘कोणी अडवलंय? ते स्वतःच येत नाहीत.’

‘मग मी बोलावते.’

हसले. ‘बोलवा ना! आणि अष्टमीला स्टेजवर दहा मिनिटं बोला. बँकेच्या युनियनमध्ये तुम्ही माइक तोडता म्हणे. विषय नारीशक्ती.’

विनयला सांगितलं. नवरा म्हणून त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे, ‘अगं, जरा थांबून.’ आज तेही म्हणाला नाही. त्याचंच जास्त टेन्शन आलं.

२९ सप्टें., सप्तमी



दुपारी खाली जाऊन निमाईदाला म्हटलं, चला वर, माझ्या शेजारी बसा. तो ‘राहू दे दिदी’ म्हणत होता. मी ऐकलं नाही. शेवटी पिशवीतून धुतलेला शर्ट काढून घातला आणि आला. बाकी दोघे आले नाहीत.

बसलो. खिचुडीची बादली आली. वाढणाऱ्याने नीट वाढलं, खोटं कशाला लिहू. मग समोरच्या सेनबाईंना फोन आला. वाजलेला मात्र कोणी ऐकला नाही. त्या उठल्या. त्यांच्या शेजारचं जोडपं ‘पंख्याखाली बसतो’ म्हणून उठलं. मग आणखी कोणी. बघता बघता आमच्या टेबलावर मी, विनय, आमची लेक मुक्ता आणि निमाईदा. कोणी एक शब्द वाईट बोललं नाही. निमाईदा मान खाली घालून भराभर जेवला, चटणीला हात न लावता उठला.

असहकार हे दुबळ्यांचं हत्यार, असं मी किती सभांतून गर्जून सांगितलंय. आज ते भरल्या पोटाच्या लोकांनी वापरलं. ना शिवी, ना धक्का. अगदी अहिंसक.

विनय : ‘तू त्याला विचारलंस, की सांगितलंस?’

सांगितलं होतं.

३० सप्टें., अष्टमी

सकाळीच निमाईदा जिन्यात थांबलेला. ‘दिदी, आज बोलावू नका. आणि स्टेजवर आमचं नाव घेऊ नका. आमची पोटं यावर आहेत.’ शब्द दिला.

संध्याकाळी नारीशक्तीवर सुरुवात केली. टाळ्या पडायला लागल्या, आणि मग माझं मला आवरेना. मी म्हणाले, ‘देवीला जागं करणारा पहिला हात ज्यांचा, त्यांचं ताट शेवटी आणि खाली का लागतं?’ नाव घेतलं नाही. पण मंडपात ढाक तीनच माणसांच्या गळ्यात होते.

कडाडून टाळ्या. बागचीबाबूही उभे राहून वाजवत होते. सेनबाईंनी हात धरला, ‘की भालो बॉलेन आपनि! किती छान बोलता!’ डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खरं पाणी. त्याचीच भीती वाटते. एवढ्या टाळ्यांनंतर माणसाला वाटतं, आपलं कर्तव्य झालं.

निमाईदा माझ्याकडे बघत नव्हता.

१ ऑक्टोबर, नवमी

झालंच. बागचीबाबू सकाळी सगळ्यांसमोर सहज बोलल्यासारखे बोलले : ‘पुढच्या वर्षी ढाक साउंड सिस्टीमवरच लावावा म्हणतो. हल्ली रेकॉर्डिंग छान मिळतं.’ निमाईदा दोन हात अंतरावर धुपाटणं बाजूला सारत होता. ऐकलं त्याने.

इथली सुपारी गेली की शियालदा स्टेशनबाहेर उभं राहायचं. ढाक वाजवत, गिऱ्हाइकाची वाट बघत, शेकडो ढाकवाल्यांच्या गर्दीत. कमी पैशात जो तयार, त्याला घेऊन जातात. हे माझ्या एका वाक्याने.

दुपारी पंगतीला बसलेच नाही. ताट घेऊन खाली गेले. आज आधी विचारलं, ‘बसू का?’ निमाईदाने चटई सरकवली. मागून मुक्ता : ‘आई, मी पण खाली खाणार. मला भूक लागली आहे.’ तिची मैत्रीण आली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या लाहिरी माशीमा, इथल्या सगळ्यांच्या मावशी, बसायला वेताचा मोडा घेऊन, गुडघ्यांच्या नावाने खडे फोडत. विनय सगळ्यांत शेवटी, पाण्याचा जग घेऊन.

बरं वाटत होतं. तेवढ्यात गौर खिचुडी कालवत म्हणाला, ‘दिदी, तुम्ही खाली आलात, भालो. पण त्यामुळे आम्ही वर कसे गेलो?’

निमाईदा त्याच्यावर डाफरला. माशीमा म्हणाल्या, ‘डाफरू नकोस रे. बरोबर विचारतोय.’



२ ऑक्टो., दशमी

घरी दसरा. सासूबाईंचा फोन, पानं वाटलीस का? इथे आपटा कुठला.

मूर्ती ट्रकवर चढली. निघण्याआधी सेक्रेटरीने ढाकवाल्यांना धोतर आणि पुढच्या वर्षीचा विसार द्यायचा, ही इथली रीत. आज नुसती धोतरं दिली. मी पुढे होणार होते, विनयने कोपर धरलं. या वेळी थांबले.

निमाईदा हात जोडून उभा. आवाज बारीक, पण सगळ्यांनी ऐकला. ‘बाबू, पुढच्या वर्षी बोलावलंत तर येऊ. पण भोग वर, हॉलमध्ये खाऊ. तिघेही.’

‘हे तुला मॅडमनी शिकवलं?’

‘ना बाबू. मॅडमनी मला एकट्याला बसवलं होतं.’

गौर हसला. बागचीबाबू नाहीत हसले. ‘रविवारी कमिटीत बघू.’ साउंड सिस्टीमचं कोटेशनही त्याच दिवशी यायचंय.

रविवारी माशीमा येते म्हणाल्या. सेनबाईंना विचारलं, त्या ‘नक्की, नक्की’ म्हणाल्या, पण लिफ्टच्या आकड्यांकडे बघत. बाकीच्या दारांवर उद्यापासून जायचं. एकेका घरात, चहा घेत, बसून. माइक नाही. मला याची सवय नाही.

आत्ता गाडीतून निमाईदाचा फोन. आवाजात गाडीचा खडखडाट. ‘दिदी, मी बोललो ते बरोबर ना? गौर खूश आहे. मला मात्र छातीत धडधडतंय.’

‘बरोबर बोललात,’ मी म्हटलं. हजार माणसांसमोर म्हणते तसं, ठणठणीत. फोन ठेवला आणि मग तिथेच, चपलांच्या रॅकशेजारी, खाली बसले.