तेरा निळे चौकोन

अहो,

कस्तुराला घेऊन दवाखान्यात चालले आहे. कारखान्यातली पाळी सुटून घरी याल तेव्हा पिठलं-भाकरी झाकून ठेवली आहे, ती खा. आमची वाट बघत दारात उभे राहू नका, मला आणखी राग येईल.

आज सकाळी तिची लघवी निळ्या औषधात उकळली, तर रंग विटेसारखा लाल. म्हणजे साखर. तेरा दिवस निळा राहिला होता. पंधरा झाले की शाळेच्या सहलीला पाठवा, असं डॉक्टर म्हणाले होते. रोज ती कॅलेंडरवरचा चौकोन स्वतः निळ्या खडूनं रंगवायची. आज तिनं लाल खडू घेतला. मग पुढचे पंधरा दिवस मोजले आणि म्हणाली, "सहल गेली, पण गॅदरिंग सापडतंय."

इन्शुलिन चालू असलं तरी गोड द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी तुम्हाला समोर बसवून सांगितलंय. तरी नव्या मशीनच्या पूजेचे पेढे घरी आणलेत. वर मला म्हणालात, पेटीत कुलपात ठेवलेत, काळजी करू नको. प्रसादानं कुणाची साखर वाढत नाही, असंच ना? सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

मी विचारलं, तर आठ वर्षांची पोर म्हणते, "आई, पेढे मीच चोरून खाल्ले. बाबांना माहीतसुद्धा नाही."

पेटीची किल्ली तुमच्या करदोट्याला असते, एवढं काही तिच्या ध्यानात आलं नाही.