बारा बटणांचं साउंड कार्ड

४ जून, बुधवार, पाहिंग

आधी सगळ्यांची खुशाली. बुनेचा, म्हणजे बायकोचा गुडघा – कालच्यापेक्षा बरा, पण नमाजाला खुर्ची लागतेच. मंडळातल्या मास जुमादीची साखर – वाढलेली, तरी चहात तीन चमचे. यू लगियेम – आमची गायिका, मी तिला यू म्हणजे ताई म्हणतो, ती मला दिक म्हणजे धाकटा भाऊ – एकाहत्तर वर्षांची, ना खोकला ना कंबरदुखी. सकाळी डोक्यावर गवताचा भारा घेऊन जाताना दिसली. माझे कान – ठणठणीत. हे कुणी विचारलं नाही, मीच लिहून ठेवतो.

आज मंडळाची बैठक. आमच्या पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यात लेगीला तालीम असते, म्हणून बैठक पाहिंगला. जिल्ह्याच्या रेडिओवर दर रविवारी एकेका गावाचं गामेलान, म्हणजे काशाच्या वाद्यांचं वादन, लावणार आहेत. ध्वनिमुद्रण आपापलं करून पाठवायचं. स्टुडिओ परवडणारा नाही, तेव्हा घरीच करू असं ठरलं. "एक साउंड कार्ड लागतं म्हणे," जुमादी म्हणाला. "माइक आणि कम्प्युटरच्या मधे बसवायचा डबा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले मी. कुणी शिकवलं नाही, उघडून उघडून शिकलो. "मार्तोला यंत्राच्या पोटातलं कळतं. त्यालाच निवडू दे."

छाती फुगली. खोटं कशाला लिहू.

६ जून, शुक्रवार, वागे

शहरात जाऊन आलो. दुकानात तितिस नावाची बाई, तिशीची, चटपटीत. तिने एक काळा डबा पुढे केला – दोन बटणं, माइकला एक भोक, बस्स.

"बापाक, हे घ्या. स्वस्तातलं चांगलं हेच. आवाज जसा आहे तसा आत घेतं. बाकी काही करत नाही."

"काही करत नाही, त्याला एवढे पैसे?"

ती हसली. शेजारी दुसरं होतं. बारा बटणं, रंगीत दिवे, किंमत पहिल्याच्या तिसरा हिस्सा. एक बटण दाबलं की टाळ्या वाजतात, दुसरं दाबलं की माणसं हसतात. बटणांवर चिनी अक्षरं.

"ते मोबाइलवर गाणी म्हणणाऱ्या पोरींसाठी असतं, बापाक. तुमच्या कामाचं नाही."

"बटणं जास्त म्हणजे सोय जास्त," मी म्हणालो.

"तुमची मर्जी." तिने बारा बटणांचं बांधून दिलं. पांढऱ्या केसांशी कोण वाद घालणार.

उरलेल्या पैशांत माइकचा स्टँड आणि सगळ्यांना तळलेले तेंपे, सोयाबीनच्या वड्या. जुमादी म्हणाला, "बघा! मार्तोला पाठवला म्हणून." मी दोन तेंपे जास्त खाल्ले.

७ जून

जोडलं. सगळी बटणं दाबून पाहिली. हशाच्या बटणाने बुने मला हाक मारत स्वयंपाकघरातून धावत आली – "पाक्ने, कोण आलंय?" एका बटणाखाली लाल दिवा लागतो. तो लावून तिला माइकसमोर बोलायला लावलं. आवाज घासून पुसून लख्ख केल्यासारखा! म्हटलं, हे चालूच राहू दे.

१३ जून, शुक्रवार, लेगी

तालमीचा दिवस. मंडपात मोबाइल ठेवून वाद्यं भरून घेतली. छान झालं. आमच्या गामेलानचा सूर शेजारच्या गावाशीही जुळत नाही. ज्या लोहाराने काशाची पाती ठोकली, त्याच्या कानाचा तो सूर. लग्नात कीबोर्ड वाजवणारा येतो तेव्हा तो एकीकडे, आम्ही एकीकडे. पण यू लगियेम डोळे मिटून त्या सुरावर जाऊन बसते. चाळीस वर्षं बसतेय. मी गेंदेरच्या काशाच्या पात्यांवर, ती माझ्या डाव्या हाताला.

उद्या तिचा आवाज.

१४ जून, शनिवार

यू आली ती केसांत मोगरा माळून. म्हटलं, रेडिओवर दिसत नाही. म्हणाली, "मला दिसतं ना." पुढच्या खोलीत बसवली, डोक्यावर हेडफोन चढवला. कानात तिला कालचं गामेलान, तोंडासमोर माइक. कोपऱ्यात माझा जुना कॅसेट रेकॉर्डरही लावून ठेवला. काही कारण नाही, हाताची सवय.

एक चरण गाऊन थांबली. हेडफोन काढून हातात धरला.

"दिक मार्तो, या डब्यात मला माझा आवाज ओळखू येत नाही रे."

मी हसलो. "यू, आपला आवाज आपल्याला कधीच ओळखू येत नाही. रेडिओवर पहिल्यांदा गाणारे सगळे हेच म्हणतात."

तिने केसांतला मोगरा सारखा केला. मग म्हणाली, "असेल," आणि परत हेडफोन घातला.

चारही गाणी पूर्ण केली. चहा न घेता गेली. कधी जात नाही अशी.

१५ जून, रविवार, पॉन

ऐकलं. पाच वेळा ऐकलं. तिसऱ्या सुराला यू घसरतेय. दर वेळी, त्याच जागी. पाचव्यालाही थोडी. हिचा सूर म्हणजे घरातला खांब – आणि तोच कललाय. एकाहत्तर म्हणजे काही थोडं वय नव्हे.

बुनेला ऐकवलं. ती म्हणाली, "तिची सकाळची गुणगुण ऐकते मी विहिरीवर. तिथे नाही असं वाटत."

"विहिरीवर काय कळतं," मी म्हणालो. "हे यंत्र आहे."

१८ जून, बुधवार, लेगी

मंडळाला ऐकवलं. यू आली नव्हती, गवत कापायचं होतं म्हणे. गाणं संपलं. ढोलवाला ढोलाच्या दोऱ्या ओढत बसला. जुमादीने चहा ढवळला – साखर आधीच ढवळून झाली होती. शेवटी म्हणाला, "मार्तो, तुझंच नातं जवळचं. तूच काहीतरी बोल. हळू."

म्हणजे काय बोलायचं, ते सगळ्यांना कळलं.

१९ जून, गुरुवार

गेलो. अंगणात शेंगदाणे वाळत घातले होते. इकडचं तिकडचं बोललो. तिच्या बकऱ्यांची चौकशी केली, एकेकीची. मग म्हणालो,

"यू, आपला कोरडा हंगाम लागलाय, धूळ फार आहे. पाऊस पडेपर्यंत घसा जपलेला बरा."

तिचा हात शेंगदाण्यांत फिरत होता. तो थांबला.

"हो," ती म्हणाली. "जपते."

एवढंच. मला एक पिशवी भरून शेंगदाणे दिले. मी ते घेऊन आलो. घेऊन आलो!

२० जून

शेंगदाणे तसेच आहेत. बुने म्हणते भाजू का. नको म्हटलं.

२३ जून, सोमवार, लेगी

तालमीला यू नाही. मंडपात तिच्या जागी एक पुडकं. मंडळाची ओढणी, खोटा अंबाडा, दोन पिना. ओढणी धुऊन, इस्त्री करून, मधे सुका मोगरा. चिठ्ठी नाही. माझ्या डाव्या हाताला रिकामी चटई. गेंदेर वाजवताना दोनदा चुकलो, कुणी टोकलं नाही.

जुमादी म्हणाला, "शेजारच्या गावची एन्दार गाईल. बावीस वर्षांची आहे, गळा कोवळा."

२६ जून, गुरुवार, वागे



एन्दार आली. गोड मुलगी, मास्क काढून सगळ्यांच्या पाया पडली. माइकसमोर बसवली. कानाला प्रत्यक्ष ऐकू येत होतं – सूर स्वच्छ. मग ध्वनिमुद्रण लावलं.

तिसऱ्या सुराला घसरली. त्याच जागी. पाचव्यालाही थोडी. अगदी यूसारखीच.

"काका, मी चुकले का?" तिने विचारलं. तोंड एवढंसं झालं होतं.

तिला म्हटलं, तू घरी जा बाळ, उद्या सांगतो. मग मी स्वतः बसलो माइकसमोर. गेंदेरच्या पात्यावर तिसरा सूर वाजवला, तोच तोंडाने धरला. डब्यातून तो वेगळाच बाहेर आला. तो लाल दिवा माझ्याकडे बघत होता.

तितिसला फोन केला. लाल दिव्याचं बटण कसलं, विचारलं. ती म्हणाली, "ते पॉप गाण्यांसाठी, बापाक. आवाज कीबोर्डच्या सुरांवर ओढून बसवतं. बेसूर माणूसही सुरात वाटतो. तुमच्या गामेलानला ते लावू नका हं, सगळं बिघडवेल." आणि मग हळूच, "लावलं नव्हतंत ना?"

"नाही, नाही," मी म्हणालो. "असंच विचारलं."

तिच्याशीही खोटं. सुरात गाणाऱ्या बाईला यंत्राने बेसूर केलं, आणि मी यंत्राला मान डोलावली. चाळीस वर्षं जिच्या शेजारी बसलो तिच्या गळ्यापेक्षा वीस दिवसांच्या डब्यावर माझा भरवसा. माझे कान ठणठणीत – वर मीच लिहून ठेवलंय. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. राहू दे समोर.

२८ जून, शनिवार, लेगी

मंडळाला सांगितलं – "यंत्र बिघडलं. दोन्ही ध्वनिमुद्रणं वाया गेली." खरं तेवढंच. कसं बिघडलं ते नाही सांगितलं. जुमादीने पाठीवर हात ठेवला. "स्वस्त मालाचं असंच रे. तुझा काय दोष." सगळ्यांनी माझं सांत्वन केलं! एकाने पानसुद्धा दिलं. यूचं नाव कुणी काढलं नाही. चिखलात बसून फुलं घेत असल्यासारखं वाटलं.

२९ जून

पहाटे विहिरीवर यू दिसली, बुने सांगते. पाणी भरलं आणि गेली. गुणगुण नाही.

१ जुलै, मंगळवार, वागे

केळ्यांचा घड घेऊन तिच्याकडे गेलो. सांगायचंच, असं रस्ताभर ठरवलं होतं. दारात तिने खुर्ची पुढे केली. बकऱ्यांचं बोललो. केळी कुठली, ते बोललो. जीभ रेटेना. परतलो.

२ जुलै

आज तेंपे घेऊन गेलो. परतलो.

३ जुलै

आज पपई. यू म्हणाली, "दिक, बाजारच उचलून आणशील का आता? मी एकटी, बकऱ्या चार. कोण खाणार?" मी हसलो, तीही जरा हसली. परतलो. बुने दारात उभी होती. माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "पाक्ने, तू फळं देऊन आलास. सांगून नाही आलास." तिला सगळं माहीत आहे. मी तिला कधी सांगितलं, मलाच आठवत नाही. बहुतेक झोपेत.

४ जुलै, शुक्रवार

जुन्या रेकॉर्डरमधली कॅसेट! डोक्यातून पार गेली होती. त्या दिवशी कोपऱ्यात लावून ठेवलेली. लावली. खरखर, मग कोंबडा, मग यू. नुसता गळा, वाद्यं नाहीत – ती तिच्या कानात होती. मी गेंदेरसमोर बसलो आणि तिच्या आवाजाबरोबर एकेक पातं वाजवत गेलो. तिसरा सूर. पाचवा. परत तिसरा. केसाइतकाही फरक नाही.

त्यात तिचं ते वाक्यही आहे. "मला माझा आवाज ओळखू येत नाही रे." आणि त्यावर माझं हसणं. काय हसलोय मी. डब्यातल्या हशाच्या बटणासारखा.

बुने येऊन पाठीमागे बसली.

५ जुलै, शनिवार, पॉन

तोंडाने होत नाही, तर हाताने. चिठ्ठी लिहिली. चार कागद फुकट गेले. सुरुवात खुशालीने – यू, तुम्ही कशा आहात, मोठी बकरी कशी आहे, काळी कशी, लंगडी कशी, करडू पितं का. मग लिहिलं: घसरला तो डबा, तुमचा गळा नाही. लाल बटण मी दाबलं होतं. तुम्ही सांगितलंत तेव्हा मी हसलो. धूळ वगैरे काही नव्हती. मंडळालाही मी खरं सांगितलं नाही, पण पुढच्या लेगीला सगळ्यांसमोर सांगणार आहे. कॅसेट सोबत आहे. ऐका. शेवटी लिहिलं, उत्तर लवकर पाठवा. तिचं घर तीन वळणांवर आहे, आणि मी उत्तर पाठवा लिहितो.

बुनेच्या हाती पाठवली. परत आल्यावर विचारलं, काय म्हणाली? "काही नाही. कॅसेट घेतली, मला चहा दिला."

६ जुलै

काही नाही.

७ जुलै, सोमवार, क्लिवोन

उत्तर आलं. तिच्या गाण्याच्या वहीतलं पान. उतरवून ठेवतो –

"दिक मार्तो, बकऱ्या बऱ्या आहेत. डबा चुकतोय ते मला पहिल्या चरणालाच कळलं होतं. पण तू इतक्या हौसेने आणलेला, सगळे तुला शाबासकी देत होते. तुझं हसं कसं करू? म्हटलं, माझी चार गाणी जाऊ देत. ओढणीही म्हणूनच परत दिली. पण धुळीचं तू बोलायला नको होतंस. डब्याने मला काही केलं नाही. चाळीस वर्षं तुझ्या कानावर विसंबून गायले. त्या दिवसापासून विहिरीवरसुद्धा तिसऱ्या सुराला घाबरते. कॅसेट ऐकली. तरी घाबरते. तू गेंदेरवर बस, मी डाव्या हाताला बसते, मग बघू. कधी येऊ, लवकर कळव."