झेंडीची झालर

अहो,

वर गेलात तरी ऐका. नात मोबाइलवर आपल्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचे जुने फोटो दाखवत होती. लोक खाली आठवणी लिहितात म्हणे. एका फोटोत आपलं फाटक, आणि तुम्ही झेंडी धरून ताठ उभे! पोट आत ओढलेलं, तेही मी ओळखलं.

खाली कुणी लिहिलंय, "हा फाटकवाला कोण, माहीत नाही." मला कसंसंच झालं. दुसरा लिहितो, "झेंडीला झालर, ही त्या काळची खास पद्धत." मी हसून हसून बेजार!

सरकारी झेंडी आपल्या शेळीने खाल्ली. तशी गुणी होती हो ती. गाडी यायच्या आत माझा हिरवा परकर फाडून मी नवी शिवली, झालर उसवायला वेळ कुठला? तुम्ही म्हणालात, "साहेबांना कळलं तर नोकरी जाईल. मी असेपर्यंत बोलू नकोस." नाही बोलले. पण आता तुम्हाला तिथे अनोळखी म्हणून उभं ठेवू होय?

"काय लिहू, आजी?"

म्हटलं, "लिही, माणूस माझा. आणि परकरही माझाच."

रागावू नका.

तुमचीच,
बडबडी