बंड्याच्या पंखांखालचा लाल

नागभीड
१९ मे २०२५

चि. दिव्यानी,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे मजेत. तुझी आई चारोळी फोडू फोडू बोटं ठेचून घेऊन राह्यली. ऊन मरणाचं आहे. महिना झाला, तू तिकडे नागपूरले माझा फोन उचलत नाई, म्हणून कागदावर लिहून राह्यलो.

तुझा पोपट बंड्या बरा आहे. ठेंगणा असला तरी मकाव तो मकावच, अमेझॉनच्या जंगलातला! कवचासकट चारोळी कडाकडा फोडते अन् शेजारच्या सोमाजीभाऊले पाहिलं का किंचाळते. चिडला का त्याचे पांढरे गाल लाल होतात, हे तू सांगितलं होतं ते खरंच आहे.

बरं, आता रागावू नको. परवा सोमाजीभाऊ म्हणाला, "फॉरेस्टवाले घरोघर फिरून राह्यले. पोपट पाळला का सरळ जेल!" बंड्या विदेशी आहे, त्याले बंदी नाई, तू त्याची नोंदणी केली, सारं मले मालूम. पण ऐन वेळी तो कागद सापडेच ना. पिंजरा अंगणात नेला अन् दार उघडून दिलं. भुर्रकन गेला.

दहा मिनिटांत वनरक्षक निकेश आला. चहा पिला अन् म्हणते, "काका, तुमचा विदेशी पक्षी दाखवा ना, माझ्या पोरीले फोटो पाठवतो!"

आता काय सांगू! मी अन् निकेश अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली माना वर करून उभे. हिरव्या पानांत हिरवा पक्षी, दिसते कुठी? मले रडूच आलं. तुझी आई मात्र गुपचूप दगडावर चारोळी फोडाले बसली. टक, टक, टक. तो आवाज ऐकून बंड्या निघाला अन् माझ्या डोक्यावरून गेला. दिव्यानी, त्याच्या पंखांखाली सारं लालभडक आहे वं! दोन वर्षं पिंजऱ्यात होता, मले कधी दिसलं नाई. उतरला तो थेट आईच्या खांद्यावर.

जेवताना आई म्हणाली, "पोपट सोडता येते, अन् पोरीले बंगलोरले सोडता येत नाई काय?"

तुले बंगलोरले जाऊ नको म्हणालो ते नुसत्या भीतीपायी. एक कागद सापडला नाई तर पक्षी सोडून देणारा माणूस मी, माझ्या भीतीले काय विचारते! चुकलो, बेटा. त्या पक्ष्यांच्या दवाखान्यातली नोकरी घे. एक तारखेच्या गाडीले नागपूर स्टेशनवर पोचवाले मीच येतो. बंड्या चाळीस वर्षं जगते, असं तूच सांगितलं. मी काही एवढा टिकत नाई. म्हणजे त्याले न्याले तुले कधीतरी यावंच लागन.

तोवर आई चारोळी फोडत राहीन.

भित्रा, पण गाडीच्या आधी पोचणारा,
तुझा बाबा