लेकीची पाच नावे आणि मापाची वही

मी, चौकातल्या शिवणकामाच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे चौसष्ट, हे मृत्युपत्र दुकानाच्या मागच्या खोलीत कापडे कापायच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. शरीर ठिकठिकाणी उसवले असले तरी डोके धड आहे, तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की भरीस घातलेले नाही. मला कोणी भरीस घालू शकत असते तर माझ्या आयुष्यातली निम्मी भांडणे टळली असती. यापूर्वी मी एक मृत्युपत्र रागाच्या भरात केले होते. ते याने रद्द समजावे.

कलम १. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी दुकानात बावीस वर्षे काजे-बटणे करणाऱ्या बाईंकडे सोपवते. सगळा रस्ता त्यांना काजवाल्या बाई म्हणतो. विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "करीन. पण तुमच्या नणंदेशी बोलायला मला लावू नका." मान्य.

कलम २. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या कष्टाच्या आहेत, त्यावर कोणाचा हक्क नाही. हे सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. तिचे वय एकतीस, राहणे दुसऱ्या शहरात, माझ्याशी बोलणे गेली नऊ वर्षे बंद. तिने विकले तरी माझी हरकत नाही. मात्र जिन्याची तिसरी फरशी हलते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. काजवाल्या बाईंना खिडकीजवळची जागा हवी तितके दिवस वापरू द्यावी, तिथे उजेड चांगला येतो.

कलम ३. पायाचे मशीन काजवाल्या बाईंना. मोठी कात्रीही त्यांनाच, पण तिने कागद कापू नये. कपडे घालून बघायच्या खोलीतला आरसा नणंदेला द्यावा. निळा कोट तिने चार वेळा परत आणला आणि चारही वेळा दोष माझ्या हाताचा काढला. वाढलेल्या कमरेला माझा हात काय करणार? तिच्याशी माझे दुसरेही एक भांडण आहे, ते खाली येईल. त्यात मात्र दोष माझा आहे.

कलम ४. मापाची हिरव्या पुठ्ठ्याची वही मुलीला द्यावी. हे कलम लांबणार आहे, माफ करावे.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. जुने माप कधी खोडायचे नाही. नवे माप त्याखाली तारखेसह लिहायचे. माणूस वाढते, सुटते, आजारात वाळते, पुन्हा भरते, आणि कधी कधी जुन्याच मापावर परत येते. माझ्या लेकीच्या पानावर ती दोन वर्षांची असल्यापासूनची मापे आहेत. अकराव्या वर्षापासून त्या मापांशेजारी पेन्सिलीने तिची दुसरी नावेही लिहिली आहेत. म्हणजे तिने इंटरनेटवर स्वतःला ठेवलेली नावे.

अकराव्या वर्षी ती 'फुलपाखरू अकरा' होती. ते खाते मीच उघडून दिले, दुकानातल्या संगणकावर. पासवर्ड आम्ही दोघींनी मिळून ठरवला. ती मला मांजरांची चित्रे दाखवायची आणि मी मशीन न थांबवता "छान" म्हणायचे. उंची चार फूट पाच इंच.

चौदाव्या वर्षी ती 'कुणीच नाही' झाली. हे नाव तिने मला सांगितले नव्हते. तिचे वडील जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. एक दिवस ती संगणक बंद करायला विसरली आणि मी ते पान वाचले. वाचले इथवर ठीक, आई आहे मी. पण रविवारी नणंदेकडे सगळे जेवायला जमले असताना विषय मुलांच्या थेरांचा निघाला, आणि मी म्हणाले, "आमच्या घरात तर एक लेखिका निघालीय, ऐका." मग त्या पानाचा फोनमध्ये काढून ठेवलेला फोटो उघडून मोठ्याने वाचू लागले. हेल काढून. नणंद हसली, दीर हसले, आणि लोक हसतात म्हटल्यावर मला चेव आला.

जे मी वाचत होते ते इथे लिहिते, कारण त्याची शिक्षा मी अजून भोगते आहे: "बाबा गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी आईचं मशीन सुरू झालं. ते सुरू असलं की मला रडता येतं. कोणाला ऐकू जात नाही."

शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हा मला त्याचा अर्थ कळला. समोर दारात ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. नणंद तेवढ्यातही म्हणाली, "अगंबाई, मशीनवर सुद्धा कविता!" हे ते दुसरे भांडण. पण हसायला सुरुवात मी करून दिली होती, हे मी सतरा वर्षांनी कागदावर कबूल करते. तिसऱ्या दिवशी मशीन सुरू केले, कारण शाळेच्या गणवेशांचे काम अंगावर होते आणि हात रिकामा राहिला असता तर मी कोसळले असते. हे तिला तेव्हाच सांगायला हवे होते.

त्या दिवसानंतर 'कुणीच नाही' दिसेनासे झाले. तिने ते पुसून टाकले, अशी माझी समजूत झाली. सतराव्या वर्षी ती 'लाल बूट' नावाने मैत्रिणींबरोबर खोखो हसताना दिसू लागली. घरात मात्र "हो", "नाही" आणि "उशीर होईल". बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी सरकारी कागदावरचे पूर्ण नाव, कोट घातलेला फोटो, केस मागे घट्ट बांधलेले. तो कोट तिने तयार विकत घेतला होता. शिंपिणीच्या मुलीने. त्याच आठवड्यात ती घर सोडून गेली आणि तिच्या सगळ्या खात्यांची दारे मला बंद झाली. पाचवे नाव हल्लीचे, नुसतेच तिचे पहिले नाव, ना वडिलांचे, ना आमच्या घराचे. त्याच्यापुढे मापाची जागा कोरी आहे.

कलम ५. कबुली. पाचवे खाते मी तीन वर्षांपूर्वी शोधून काढले. तिच्या डोळ्यांना मी दिसू नये म्हणून 'हौशी शिवण, वय पंचवीस' असे खोटे खाते उघडले आणि फोटो म्हणून माझे शिवताना बोटात घालायचे अंगुस्तान लावले. ती आता फावल्या वेळात स्वतःचे कपडे शिवते आणि फोटो टाकते. मी रोज दुपारच्या चहाबरोबर ते बघत असे. एक अक्षर लिहीत नसे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे म्हणतात. आई नसल्याचेही आणता येत नाही, हे मला गेल्या थंडीत कळले.

तिने एक राखाडी जाकीट शिवले होते. नीट शिवले होते, पण खांद्यावर गडबड होती. सात वर्षांची असताना ती याच टेबलावरून पडली. मीच तिला वर बसवले होते. तेव्हापासून तिचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. मी तिच्या प्रत्येक कपड्यात डाव्या बाजूला आतून पातळ गादी घालत असे, त्यामुळे जगात हे तिला, मला आणि एका वारलेल्या डॉक्टरांनाच माहीत. आणि मी बसल्या बसल्या लिहून गेले: "छान जमलंय. फक्त डाव्या खांद्याला आतून पातळ गादी दे, आणि तिथल्या शिवणीत कापडाची माया थोडी जास्त सोड."

चहा उतू गेला तेव्हा मी भानावर आले. वाटले, संपले, आता हेही दार बंद. तिने उत्तर दिले नाही. मला काढूनही टाकले नाही. अकरा दिवसांनी तेच जाकीट पुन्हा दिसले. मी काजवाल्या बाईंना सगळे सांगून फोन दाखवला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन निरखला आणि म्हणाल्या, "गादी घातलीय." मग बटणे लावायला बसल्या.

कलम ६. माझ्यामागे हे खोटे खाते उघडकीला आले तर ती म्हणेल, आईने मरेपर्यंत चोरून वाचले. तसे होऊ नये म्हणून आज सोमवारी सकाळी, हे लिहायला बसण्यापूर्वी, मी त्यावरचे खोटे नाव आणि वय काढून माझे खरे नाव घातले आणि अंगुस्तानाच्या जागी माझा हल्लीचा, केस गेलेला फोटो लावला. मग तिला निरोप पाठवला, "मी आहे. त्या दिवशी मी वाचायला नको होतं. चुकले." तिने ते पाहिल्याची खूण आली आहे. उत्तर आलेले नाही. तिने दार लावून घेतले तर तो तिचा हक्क आहे आणि त्यामुळे वरच्या एकाही कलमात बदल होणार नाही. मी मात्र फार घाबरले आहे.

सही. साक्षीदार: समोरच्या औषधदुकानाचे मालक. साक्षीदार: शेजारचे घड्याळजी, ज्यांनी वरील मजकूर वाचून चष्मा दोनदा पुसला. सोमवार, सतरा तारीख.

पुरवणी. गुरुवार, वीस तारीख, तेच टेबल, तेच साक्षीदार.

आज दुपारी माझ्या खात्यावर मैत्रीची विनंती आली. तिच्या आताच्या नावाने नाही. 'कुणीच नाही' या नावाने. तिने ते पुसलेच नव्हते, सतरा वर्षे नुसते कुलूप लावून ठेवले होते. सोबत एक शब्दही नाही. मी विनंती स्वीकारली आहे, आता सगळी पाने माझ्यापुढे उघडी आहेत.

काजवाल्या बाईंनी विचारले, "वाचून दाखवू का? तुम्हाला हल्ली बारीक दिसत नाही." मी नको म्हटले. मजकुरात बदल काहीच नाही, फक्त वहीतल्या दुसऱ्या नावापुढे आजची तारीख घातली आहे. साक्षीदारांच्या सह्या झाल्या की मी चष्मा घेऊन वर जाईन आणि पहिल्यापासून सगळे वाचीन. ओठही न हलवता, मनातच.

सही.