उपाशी पेशी आणि आत्याचा हक्क

जयनगर, बंगळूर
१४ ऑक्टोबर १९६४

प्रिय नीरजा,

अगं, पाहिलं मी! काल तुझ्या प्रयोगशाळेत जाऊन थडकले. तुझ्या सरांना म्हटलं, जन्मभर पोरींना जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेय, नीट समजावून सांगा. त्यांनी तुझा आलेखच पुढे ठेवला. खाणं तोडलं की शहाणी पेशी प्रथिनं बनवण्याची तयारी थांबवते; घरात तांदूळ नसताना आधण कोण ठेवील? तुझ्या जिवाणूंचं आधण मात्र उकळतंच आहे! म्हणजे ‘थांब’ म्हणणारं एन्झाइम ज्या जनुकातून घडत असेल, तेच बिघडलेलं. आणि ते एन्झाइम कोणतं, हे अजून जगात कुणालाच ठाऊक नाही! परतताना बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारची बाई घाबरून सरकून बसली.

सरांना आधी वाटलं होतं, पोरीनंच चुकून खाणं घातलं. तू पुन्हा करून दाखवलंस तेव्हा कुठे त्यांना पटलं. आता ते जनुक नेमकं कुठं आहे, हे शोधायचंय. दिवाळीपर्यंत तू आली नाहीस तर ते काम दुसऱ्याला देणार. आणि तू धारवाडला बसून स्वतःच्या लग्नाच्या शेवया वळतेस!

तुझ्या वडिलांनी, आमच्या भीमानं, लिहिलंय: अक्का, शिक्षण पुरे झालं, आता स्वल्प घराकडेही बघू दे; शिवाय जिवांना उपाशी मारणं आचार्यांच्या घराला शोभत नाही. केवढी ही कणव! तुझ्या आईला एकादशीला पाण्याचा थेंब घेऊ देत नाही, तेव्हा कुठे जाते? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला सगळं शिकवलं. गप्प बसणं तेवढं राहून गेलं.

भीमाचं शेवटचं कारण म्हणजे मी. आपल्यात आत्याच्या मुलाचा हक्क पहिला, अक्काला कसं दुखवू? तू पाळण्यात होतीस तेव्हाच सगळ्यांनी तुला माझी सून करून टाकलं. मला विचारलं नाही, तुला तर नाहीच. हक्क माझ्या घरचा ना? मग मीच तो सोडते. प्राणेशला समोर बसवून विचारलं, तर तो म्हणाला, अम्मा, हे लग्न मलाही नको, मीच सांगणार होतो, धीर होत नव्हता. आज सकाळी भीमाला तार केली: सून नको, पोरीला कामावर पाठव. आता तो माझ्याशी बोलणार नाही, कदाचित कायमचा. एकुलता भाऊ आहे गं. पण तू ये. सोमवारच्या गाडीनंच ये. स्टेशनवर प्राणेश येईल. त्याच्यासमोर लाजायचं आता काही कारण उरलं नाही.

तुझीच, सासू व्हायला साफ नकार देणारी,
अहल्याआत्या