ब तुकडी बसलीच नाही

४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू डॉक्टर झालीस याची शिक्षा मी भोगतेय. तुझ्या प्रयोगापायी अ तुकडी रोज सकाळी मैदानात धावते, नाचते, उड्या मारते. आणि आम्ही ब तुकडीवाले, फरक कळावा म्हणून, वर्गात बसून नकाशे रंगवतो. चिठ्ठ्या टाकताना सख्ख्या भाचीची तरी कदर करायची होतीस. परवाच्या तपासणीत माझी साखर काठावर निघाली, तेव्हापासून आई माझ्या ताटावर पहारा देते. व्यायामाने फरक दिसला तर तो तास सगळ्या तुकड्यांना मिळणार, नाहीतर बंद, असं मोठ्या बाई म्हणाल्या. तेव्हा पळू देत बापडे.

रुसलेली असले तरी तुझीच,
भिंगरी

१५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझी साखर जागेवर आली. वाचून मी दवाखान्यातच शिट्टी मारली, कंपाउंडर दचकले. मग बाकीचे आकडे पाहिले आणि तोंडचं पाणी पळालं. अ तुकडी सुधारली, पण ब तुकडीही तितकीच. तुमच्या मोठ्या बाई म्हणतात, बसूनही साखर उतरते तर मैदान कशाला, पुढच्या महिन्यापासून त्या तासाला गणित. बाळा, नकाशे रंगवून कुणाची साखर उतरत नाही. काय उद्योग केलेत ते कळव. रागावणार नाही, असं आत्ता तरी वाटतंय.

तुझ्यावर जीव टाकणारी,
आत्या

२१ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आम्ही खिडकीतून बघून बघून सगळं उचललं. पहिली उडी भूगोलाच्या बाईंनी मारली, मग आमचा नाइलाज झाला. रोज दार लावायचं, बाकं भिंतीला सारायची आणि धिंगाणा. तुझं पत्र वाचलं आणि तशीच मोठ्या बाईंकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. त्यांची खोली आमच्या वर्गाच्या बरोबर खाली. आधी त्या लालबुंद झाल्या, मग इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला, कारण छतावर उंदीर माजलेत म्हणून त्यांनी दोनदा औषध टाकून घेतलं होतं.

तास आता सगळ्या तुकड्यांना. तुझा प्रयोग मात्र पार बुडवला, त्याचं खरंच वाईट वाटतं. नव्याने करायचा तर दुसरी शाळा शोध. या वेळी बसायला कोण तयार आहे, असं मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर विचारलं, तर अख्ख्या शाळेत एकही हात वर आला नाही.

हवं तर कान पिळ, पण माया आटवू नकोस,
भिंगरी